काळ्या बिल्ल्याची दोन वर्षं

'मिशनरी' हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. मुंबईचे डॉ. विल्सन, मिरजेचे डॉ. वॉनलेस, अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन. शाळा, दवाखाना, छापखाना आणि परक्या मातीत वेचलेलं अख्खं आयुष्य. मॉर्मन मिशनरी या चित्रात बसत नाही. तो बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. तो डॉक्टर नसतो, पंडित नसतो, पगारी पाद्रीही नसतो. कालपरवापर्यंत आईच्या हातचं जेवणारा आणि मित्रांबरोबर हुंदडणारा हा पोरगा पांढरा शर्ट आणि टाय घालून, छातीवर काळा बिल्ला लावून एखाद्या अनोळखी गावात दारं ठोठावत फिरतो. दोन वर्षं हेच. मुदत संपली की तो घरी परततो आणि शिक्षण, नोकरी, लग्न या चारचौघांच्या वाटेला लागतो.

ज्या पंथाचा हा रिवाज आहे, त्याची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात केली. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे त्याचं पूर्ण नाव. 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथावरून लोक या पंथीयांना मॉर्मन म्हणू लागले. चर्चने मात्र २०१८ पासून पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे. मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. पंथ स्थापन झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच जोसेफ यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल ग्रंथाच्या प्रती पाठीवर टाकून खेडोपाडी निघाला. पहिला मिशनरी तोच. त्याला जागोजागी नकार मिळाला. पण त्याने दिलेल्या प्रती हातोहात फिरत ब्रिगम यंग यांच्या घराण्यात पोचल्या आणि याच यंग यांनी पुढे आपल्या लोकांना यूटाच्या वाळवंटात नेऊन वसवलं.

२०२४ च्या अखेरीस जगभर सुमारे ७४ हजार पूर्णवेळ प्रचारक मिशनरी काम करत होते. त्या वर्षी नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. भागाकार केला तर एका मिशनऱ्याच्या वाट्याला वर्षाला चार माणसं येतात. हीही सरासरीच, युरोपातल्या एखाद्या शहरात दोन वर्षं घासून एक-दोन माणसं मिळाली तरी खूप. एवढ्यासाठी ७४ हजार तरुणांनी ऐन उमेदीची वर्षं द्यावीत का, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. त्याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही. या प्रथेचा सर्वांत खोल परिणाम ज्याच्या दारात मिशनरी जातो त्याच्यापेक्षा मिशनऱ्यावरच होतो. तो कसा होतो, हे त्याच्या दिवसात डोकावल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात अर्जाने होते. तरुण आधी स्थानिक बिशपशी आणि मग त्याच्या वरच्या अधिकाऱ्याशी बोलतो. वागणूक, श्रद्धा, प्रकृती यांची विचारपूस होते. कुठे जायचं हे त्याने सांगायचं नसतं. चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक जण प्रार्थना करून प्रत्येकाची जागा ठरवतो, अशी श्रद्धा आणि पद्धत आहे. पूर्वी हे बोलावणं टपालाने, मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचं. २०१८ च्या अखेरीपासून ते ऑनलाइन येतं. पण ते उघडण्याचा सोहळा बदललेला नाही. आजी-आजोबा, मावश्या, शेजारी, शाळासोबती दिवाणखान्यात दाटीवाटीने बसतात. कोणी पेरू म्हणतं, कोणी जपान म्हणतं. मुलगा मोठ्याने वाचू लागतो आणि गावाचं नाव आलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं, मग ते नाव फिलिपाइन्समधलं असो की शेजारच्या आयडाहो राज्यातलं.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं. अर्जांचा लोंढाच आला. मुलांची मुदत २४ महिने, मुलींची १८. अविवाहित मुलींची पहिली जोडी १८९८ मध्ये इंग्लंडला गेली होती, पण त्यानंतर शतकभर मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच कमी राहिलं. २०१२ नंतर ते चित्र झपाट्याने पालटलं. खर्च घरचा असतो. देश महागडा असो वा स्वस्त, अमेरिकेतल्या कुटुंबांना ठरावीक रक्कम भरावी लागते. २०२० च्या जुलैपासून ती महिना ५०० डॉलर आहे. अनेक मुलं शाळेत असल्यापासून गवत कापून, दुकानात राबून ही पुंजी साठवतात.

यूटातल्या प्रोव्हो शहरात सर्वांत मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. भाषा शिकवण्याची रीत धाडसी आहे. व्याकरण पक्कं होण्याची वाट कोणी पाहत नाही. पहिल्या काही दिवसांतच मोडक्यातोडक्या परभाषेत प्रार्थना करायची, आपली श्रद्धा सांगायची. ज्या भाषेत धड पाणी मागता येत नाही त्या भाषेत देवाशी बोलायला लावलं, की शब्द निवडून, जपून वापरावे लागतात. पाठ केलेली गुळगुळीत वाक्यं तिथे चालत नाहीत. मुलाला पहिल्यांदाच विचार करावा लागतो की आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे.

मग छातीवर काळा बिल्ला लागतो. त्यावर चर्चचं नाव आणि मुलाचं आडनाव असतं, आडनावाच्या आधी 'एल्डर'. मुलगी असेल तर 'सिस्टर'. पहिलं नाव दोन वर्षं गायब होतं. बरोबर राहणारा साथीदारसुद्धा पहिल्या नावाने हाक मारत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला 'ज्येष्ठ' अशा अर्थाचं संबोधन लावण्यात काहींना विसंगती वाटते. पण घरचं लाडाचं नाव आणि वर्गात पडलेलं नाव बाजूला ठेवून एका जबाबदारीच्या नावाने ओळखलं जाणं, हा वाढीचाच एक भाग आहे.

दिवस साडेसहाला सुरू होतो. उठल्यावर गुडघे टेकून प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी. मग एकट्याने धर्मग्रंथाचं वाचन, त्यानंतर साथीदाराबरोबर अभ्यास आणि भाषा नवी असेल तर तिचा सराव. दहाच्या सुमारास पायी, सायकलने किंवा बसने बाहेर पडायचं. रात्री नऊपर्यंत परतायचं, उद्याचा आराखडा मांडायचा, रोजनिशी लिहायची आणि साडेदहाला दिवा मालवायचा. २०१७ पासून या वेळा स्थानिक रिवाजाप्रमाणे थोड्या मागेपुढे करायला मुभा आहे. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहणं नाही. संगीतही निवडक.

बाहेरचे दहा-अकरा तास कसे जातात? पूर्वी मुख्यतः दारं ठोठावण्यात जायचे. आता फोनवरून आणि समाजमाध्यमांवरून भेटी ठरतात, पण पायपीट संपलेली नाही. ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्या घरी जाऊन शिकवणं, चर्चपासून दुरावलेल्या सभासदांना भेटणं, एखाद्या म्हाताऱ्या बाईचं सामान हलवणं, अनेक देशांत इंग्रजीचे फुकट वर्ग घेणं, हे सगळं त्यात येतं. आणि भरपूर नकार. पाहुणे असल्याचं सांगणारे, न बोलता दार लावणारे, कुत्रं सोडणारे, आणि सर्वांत अवघड म्हणजे तीन वेळा प्रेमाने चहाऐवजी सरबत पाजून चौथ्या वेळी फोन न उचलणारे. मॉर्मन माणूस चहा-कॉफी घेत नाही, म्हणून सरबत. पहिले तीन नकार मनाला लागत नाहीत. चौथा लागतो, कारण तोवर त्या घरातल्या मुलांची नावं पाठ झालेली असतात.

तरीही या दोन वर्षांतली खरी कसोटी रस्त्यावर नसते, खोलीत असते. मिशनरी कधीच एकटा नसतो. चोवीस तास त्याच्याबरोबर एक साथीदार असतो आणि त्याची निवड त्याने केलेली नसते. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ येते. कधी साथीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. मग टोंगातल्या शेतकऱ्याचा मुलगा आणि कॅलिफोर्नियातल्या वकिलाचा मुलगा एका छोट्या खोलीत राहतात. एकाला भांडी लगेच घासायची सवय, दुसरा ती रात्रभर भिजत ठेवणारा. एक झोपेत बडबडतो. एक भेटीला निघताना नेहमी सात मिनिटं उशीर करतो. मित्राचा कंटाळा आला तर माणूस घरी निघून जातो. इथे जायला जागा नाही, दार आपटून फिरायला बाहेर पडलं तरी साथीदाराला बरोबर न्यावं लागतं!

यासाठी एक साधी व्यवस्था आहे. आठवड्यातून एकदा नियोजनाच्या वेळी दोघांनी समोरासमोर बसायचं आणि आपलं एकमेकांशी कसं चाललं आहे ते बोलायचं. कुठे खटकलं, मी काय सुधारू, असं थेट विचारायचं. सुरुवातीला दोघंही पायाच्या बोटांकडे बघत 'सगळं ठीक आहे' म्हणतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक जण हळूच सांगतो, 'तू लोकांसमोर माझं वाक्य मध्येच तोडतोस, तेव्हा मला फार लहान झाल्यासारखं वाटतं.' खोली गप्प होते. ज्याला हे ऐकावं लागलं त्याला त्या रात्री झोप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या घरी साथीदार अडखळत बोलत असताना तो ओठ घट्ट मिटून थांबून राहतो. आध्यात्मिक वाढ हा मोठा शब्द आहे. तो इतक्या लहान जागी घडताना दिसतो, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

२००४ मध्ये निघालेल्या 'प्रीच माय गॉस्पेल' या मिशनऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तकात ख्रिस्ताच्या गुणांवर एक प्रकरण आहे. श्रद्धा, आशा, प्रेम, सचोटी, धीर, नम्रता, चिकाटी असे गुण आणि त्यांवर छोटे छोटे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला मिशनऱ्याने स्वतःलाच एक ते पाच गुण द्यायचे. दुसरं कोणी तपासत नाही. स्वतःला प्रामाणिकपणे दोन गुण देणं अठराव्या वर्षी सोपं नसतं. मॉर्मन परंपरेत आणखी एक समजूत आहे: श्रद्धेची साक्ष पुष्कळदा ती देता देताच सापडते. कितीतरी मुलं घरून निघतात तेव्हा आई-वडिलांच्या श्रद्धेवर उभी असतात. रोज परक्या माणसापुढे 'मला हे खरं वाटतं' म्हणताना केव्हातरी आतून प्रश्न येतो, 'मला? की माझ्या घरच्यांना?' हा प्रश्न टाळता येत नाही, कारण उद्या सकाळी दहाला पुन्हा बाहेर पडायचं असतं.

गॉर्डन हिंकली यांची गोष्ट मॉर्मन घरांत मुलांना हमखास सांगतात. १९३३ चं साल, जागतिक मंदीचा काळ. हिंकली तेव्हा पदवी घेतलेला तेवीस वर्षांचा तरुण होता आणि त्याचं बोलावणं इंग्लंडचं होतं. ते त्या काळी सर्वांत महागडं. आई तीन वर्षांपूर्वीच गेली होती. पण किराण्यातून उरलेली चिल्लर साठवून तिने मुलांच्या मिशनसाठी एक छोटं खातं उघडून ठेवलं होतं, असं घरच्यांना समजलं. त्या नाण्यांच्या आधाराने तो प्रेस्टन शहरात पोचला. जून-जुलैचे दिवस, हवेत परागकण, नाक-डोळे सतत वाहताहेत आणि रस्त्यावरच्या सभेत लोक टिंगल करताहेत. त्याने वडिलांना लिहिलं की माझा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाया जात आहेत. वडिलांचं उत्तर अगदी त्रोटक होतं: स्वतःचा विचार सोड आणि कामाला लाग. त्याच सकाळी त्याने साथीदाराबरोबर शुभवर्तमानातलं वचन वाचलं होतं, की जो आपला जीव वाचवू पाहतो तो त्याला मुकतो. पत्र हातात घेऊन तो वरच्या खोलीत गेला आणि गुडघे टेकले. आपल्या आयुष्यात पुढे जे काही भलं झालं त्याचा उगम त्या दिवसात आहे, असं हिंकली म्हातारपणापर्यंत सांगत. १९९५ पासून २००८ मध्ये निधन होईपर्यंत ते चर्चचे अध्यक्ष होते.

प्रत्येकाला असं पत्र मिळत नाही, आणि पत्राने सगळ्यांचं भागतही नाही. मिशनऱ्यांच्या बोलीत 'ट्रंकी' असा एक शब्द आहे. ज्याचं मन ट्रंक भरून घराकडे निघालंय, तो ट्रंकी. नुसती घरची ओढ असेल तर ती सोमवारी थोडी निवते. बहुतेक ठिकाणी सोमवार हा 'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुवायचे, किराणा आणायचा, केस कापायचे, थोडं खेळायचं आणि घरी बोलायचं. १५ फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करायला वर्षातून दोनदाच परवानगी होती, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्र किंवा ईमेल. त्या दिवसापासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. धाकटी बहीण दात पडल्याचं दाखवते, आजोबा कानाला फोन लावून स्क्रीनवर फक्त कानच दाखवतात. हा बदल पूर्वीच व्हायला हवा होता.

कारण काहींची अडचण घरच्या ओढीपेक्षा खोल असते. नैराश्य, भीतीचे झटके, आपण कमी पडतो ही पोखरणारी जाणीव. मुदतीआधी परतलेल्या तरुणांचा अभ्यास यूटा व्हॅली विद्यापीठातल्या क्रिस्टीन डोटी यांनी केला. त्यात बहुसंख्य मुलांनी आपण अपयशी ठरल्याची भावना बोलून दाखवली, आणि परतण्यामागे मानसिक आरोग्य हे एक मोठं कारण होतं. विमानतळावर फलक घेऊन स्वागताला येणारं गाव अशा मुलाच्या वेळी येत नाही. रविवारी चर्चमध्ये लोक काय बोलावं हे न सुचून नजर चुकवतात. ही गोष्ट या प्रथेच्या खात्यावर लिहिलीच पाहिजे. चर्चने अलीकडे ताणाची पातळी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत ओळखायला शिकवणारी पुस्तिका काढली आहे, आणि ज्यांना परगावी जाणं झेपत नाही त्यांच्यासाठी घरी राहून सेवा करण्याचा मार्गही खुला केला आहे.

संकटं बाहेरूनही येतात. १९६८ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये एकवीस वर्षांचा एक मिशनरी गाडी चालवत होता. समोरून भरकटून आलेल्या गाडीने धडक दिली. त्याच्या गाडीतल्या मिशनप्रमुखांच्या पत्नी त्यात गेल्या. चालकाला मेलेला समजून पोलिसाने त्याच्या पासपोर्टवर तसं लिहूनही टाकलं. हा मुलगा म्हणजे पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे मिट रोम्नी. दुःखात बुडालेले मिशनप्रमुख मायदेशी गेले असताना मिशनचा गाडा ओढण्यात बऱ्या झालेल्या रोम्नींचा हात होता. कोविडच्या साथीत तर २०२० च्या वसंतात काही आठवड्यांत हजारो मिशनऱ्यांना परत आणावं लागलं. फिलिपाइन्समधून खास विमानं सोडली गेली, आणि सॉल्ट लेक विमानतळाच्या वाहनतळावर आई-बापांची इतकी गर्दी उसळली की पुढे ती आवरायला नियम करावे लागले.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा धागा जुना आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे मॉर्मन मिशनरी ब्रिटनहून मुंबईत आले आणि तिथून पुण्याला गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना छावणीत थारा दिला नाही, तरी पुण्यात त्यांनी एक छोटी शाखा उभी केली. तिच्यात मुख्यतः युरोपीय माणसं होती. काही वर्षांतच ही मोहीम आटोपली. त्यानंतर भारतात पहिलं मिशन बेंगळुरूला १९९३ मध्ये स्थापन झालं, तर २०१२ मध्ये हैदराबादला देशातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक मंडळ्यांचा मिळून होणारा मोठा विभाग, उभा राहिला.

परतीच्या दिवशीचा एक लहानसा विधी आहे. मुलगा घरी पोचला की स्थानिक अधिकाऱ्याला भेटतो, आणि ते त्याला कार्यातून मोकळं केल्याचं सांगतात. मग बिल्ला काढायचा. पुष्कळांचा हात त्या क्षणी अडतो. पहिलं नाव परत मिळालेलं असतं, पण हाक मारली तर पटकन ओ देता येत नाही. पहिल्या रात्री एकट्याने रस्त्यावर चालायलाही विचित्र वाटतं. मान आपोआप शेजारी वळते, साथीदार कुठे राहिला म्हणून.

काहींच्या आयुष्यात मिशनची जागा कायमची घर करून राहते. डेव्हिड नीलमन यांनी ब्राझीलमध्ये मिशन केलं, गोरगरिबांच्या वस्त्यांत राहिले. अमेरिकेत विमानकंपनी काढून यशस्वी झाल्यावर २००८ मध्ये त्यांनी ब्राझीलमध्ये 'अझुल' ही विमानकंपनी सुरू केली. आणि त्याच्याही कितीतरी आधीची एक गोष्ट. जोसेफ एफ. स्मिथ हा संस्थापकांचा पुतण्या. बापाचा खून झाला तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आई गेली तेव्हा तेराचा. शिक्षकाशी मारामारी करून शाळेतून बाहेर पडलेल्या या तापट पोराला १८५४ मध्ये, पंधराव्या वर्षी, हवाई बेटांवर मिशनला पाठवण्यात आलं. तिथे तो तापाने फणफणला. एका हवाईयन बाईने त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि पोटच्या पोरासारखी त्याची शुश्रूषा केली. पोरक्या मुलाला आई मिळाली. त्याने तिची भाषा उचलली आणि तो तिच्या लोकांत राहिला.

बऱ्याच वर्षांनी चर्चचे मोठे नेते म्हणून ते होनोलुलूच्या बंदरात उतरले. धक्क्यावर माणसांची रीघ, हारांचा ढीग. तेवढ्यात एक जख्ख म्हातारी, डोळे गेलेली, कोणाचा तरी हात धरून गर्दीतून पुढे आली. 'इओसेपा, इओसेपा,' ती हाका मारत होती. जोसेफ या नावाचा हवाईयन उच्चार. त्यांनी गर्दी बाजूला सारली, धावत जाऊन तिला मिठीत घेतलं आणि सोबतच्या माणसांना तिची ओळख करून दिली. तिच्या हातात त्यांच्यासाठी आणलेली थोडी केळी होती.